वाचकांचे प्रश्न : वॉटर कूलिंगचा पंप सुरूच होत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्या संगणकाचे वॉटर कूलिंग मी स्वतः जोडले आहे आणि त्याच्या पंपाचा वेग मदरबोर्डवरून नियंत्रित होतो. काही आठवड्यांपासून रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी सुरू केला की पंप फिरत नाही आणि पडद्यावर पंख्याच्या बिघाडाची सूचना येते. दोन-तीन वेळा बंद-चालू केल्यावर तो फिरू लागतो आणि मग दिवसभर काहीच तक्रार नसते. पंप बदलावा का?

उत्तर : एवढ्यात बदलू नये. ‘मग दिवसभर काहीच तक्रार नसते’ हे आपण लिहिले आहे, त्यातच बहुतेक उत्तर आहे. जो पंप दिवसभर एका लयीत फिरतो, त्याची मोटर जळालेली नसते. त्याला अडचण येते ती फक्त पहिला फेरा घेताना. थांबलेल्या रोटरला (पंपातल्या फिरणाऱ्या भागाला) हलवायला जो जोर लागतो, तो फिरत्या रोटरला फिरत ठेवण्याच्या जोरापेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे सुरुवातीचा जोर कशाने कमी पडतो आहे किंवा रोटरला कशाचा अडथळा होतो आहे, हे आधी शोधावे.

त्याआधी एक कळकळीची सूचना. पंप थांबलेला असताना ‘होईल सुरू’ म्हणून संगणक तसाच चालू ठेवू नका. ब्लॉकमधले (प्रोसेसरवर बसवलेल्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातले) पाणी जागच्या जागी तापते, प्रोसेसर थोड्याच वेळात १०० अंशांच्या आसपास पोहोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करून शेवटी बंद पडतो. प्रोसेसर यातून वाचतो, पण पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्या साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात आणि मग जोडातून गळती होण्याची भीती असते.

आता तपासणी. सर्वप्रथम बायोस (संगणक सुरू होताना चालणारी मदरबोर्डची स्वतःची प्रणाली) उघडून पंप ज्या हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीवर, आहे त्याची मांडणी पाहा. मदरबोर्ड बहुधा प्रत्येक हेडरला पंखाच समजतो, आणि थंड संगणकात पंखा हळू फिरावा म्हणून सुरुवातीला अगदी कमी वेगाचा संकेत देतो. सकाळीच बिघाड दिसण्याचे एक कारण हेही असू शकते, कारण त्या वेळी प्रोसेसर सर्वांत थंड असतो. ऑपरेटिंग सिस्टममधल्या एखाद्या सॉफ्टवेअरने आपण वेग वाढवून ठेवला असेल, तरी ते सुरू होईपर्यंत बायोसचेच चालते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हेडर पीडब्ल्यूएमऐवजी (ज्यात व्होल्टेज कायम राहून वेगाचा संकेत वेगळ्या तारेने जातो) डीसी पद्धतीवर असेल तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तेव्हा संकेत नव्हे तर व्होल्टेजच कमी होते, आणि अनेक पंपांना उठून फिरायला किमान ८ ते ९ व्होल्ट लागतात. म्हणून हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवून पूर्ण वेग निश्चित करा आणि चार-पाच सकाळी पाहा. दोष गेला तर नंतर आवाजासाठी वेग खाली आणा, पण ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. त्याखाली मिळणारी शांतता या धोक्याच्या मोलाची नाही.

त्याने फरक पडला नाही तर वीज कुठून येते ते पाहा. मदरबोर्डचे साधे हेडर बहुधा १ अँपिअरपर्यंत, म्हणजे १२ वॅटपर्यंतच वीज देते, तर डी५ जातीचे मोठे पंप पूर्ण वेगात २० वॅटच्या पुढे जाऊ शकतात. अशा पंपाची वीज एसएमपीएसवरून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरून) थेट मोलेक्स (चार जाड पिनांची) किंवा साटा (चपटी) जोडणीने यायला हवी आणि मदरबोर्डकडे फक्त संकेताच्या तारा जायला हव्यात. मोलेक्स असेल तर ती हातात घेऊन जवळून पाहा. तिच्यातली एखादी पिन प्लास्टिकच्या घरातून मागे सरकलेली असते. बाहेरून जोडणी घट्ट बसलेली दिसते, पण १२ व्होल्टची पिवळी तार समोरच्या पिनेला नीट टेकतच नाही.

वीज आणि संकेत दोन्ही ठीक असतील तर पंप उघडावा लागेल. कूलंट (नळ्यांतून फिरणारे थंड करणारे द्रव) काढून घेतल्यावर डी५ची पकडरिंग फिरवली की रोटर हातात येतो, कारण तो एका छोट्या सिरॅमिक गोळीवर नुसता टेकलेला असतो. असाच हट्टी झालेला एक पंप मी उघडला, तेव्हा गोळी बसते त्या वाटीत तपकिरी, मेणासारखा चिकट थर होता, आणि बोटाने रोटर फिरवताना तो क्षणभर अडकून मग सुटत होता. मऊ नळ्यांमधून पाझरणारे प्लॅस्टिसायझर (प्लास्टिक लवचीक ठेवणारे रसायन) आणि रंगीत कूलंटमधले कण यांचा असा थर बसतो. रात्रभर स्थिर राहिला की तो रोटरला धरून ठेवतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्याने तो निघतो. नंतर डिस्टिल्ड वॉटरने भाग धुवा आणि शक्य झाल्यास त्या नळ्याही बदला, नाहीतर काही महिन्यांनी हेच पुन्हा करावे लागेल. गोळीवर किंवा वाटीत चरे पडलेले दिसले, तर मात्र पंप बदलावा.

प्रश्न : नवीन लूप (पंप, टाकी आणि नळ्यांचे पाण्याचे चक्र) भरले. पंप घरघर करतो, पण पाणी पुढे जात नाही.

उत्तर : पंपात हवा अडकली आहे. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून टाकी पंपाच्या वर असली पाहिजे आणि पाणी आपल्या वजनाने त्यात उतरले पाहिजे. घरघर ऐकताच पंप बंद करा, कारण त्याच्या बेअरिंगला पाण्याचेच वंगण मिळते आणि कोरडा पंप स्वतःलाच झिजवतो. टाकी भरा, कॅबिनेट सावकाश पुढे-मागे आणि बाजूला कलते करा, आणि पंप दहा-पंधरा सेकंद चालू, मग थोडा वेळ बंद, असे करत राहा.

हे करताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाला वीज नसावी. एसएमपीएसच्या सर्व जोडण्या काढून फक्त पंपाची ठेवा आणि २४ पिनांच्या जोडणीवर तयार मिळणारा जंपर प्लग लावा. तो हिरवी तार काळीला जोडतो आणि एसएमपीएस एकटाच सुरू होतो. गळती झालीच तर विजेचा धोका फारसा राहत नाही; सांडलेले पाणी पूर्ण वाळल्यावरच बाकीच्या जोडण्या लावा.

प्रश्न : पाणी फिरताना दिसते, तरी पंपाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) शून्य दाखवला जातो आणि संगणक सुरू होताना अडतो.

उत्तर : वेग कळवणारी तार ज्या हेडरवर आहे ते हेडर आणि मदरबोर्ड तपासतो ते हेडर वेगळे असावे. ती तार सीपीयू फॅन हेडरवर आणा. आरपीएम तरीही शून्यच राहिला तर तार तुटली आहे का ते पाहा. सूचना कायमची बंद करू नका, कारण पंप खरोखर थांबेल त्या दिवशी सर्वांत आधी तीच सांगेल.