ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

अमळनेर

चि. पोरी,

पहिल्या पगाराचे पेढे पोचले. पण फोनवर तू सहज बोलून गेलीस, "डिमॅट आहे ना बाई माझं, दादाच बघतो सगळं," ते काही डोक्यातून जाईना. शेअर ठेवायचं ते खातं तुझ्या नावाचं, पॅन तुझं आणि ओटीपी दादाच्या मोबाइलवर. मग खातं कुणाचं गं?

दादा वाईट नाही. दोघंही माझ्याच वर्गातले. गणितात त्याला तुझ्यापेक्षा कमीच पडायचे, हे आपल्या दोघींतच राहू दे.

आपल्याकडे 'बायासले काय समजस?' म्हणतात, आणि त्याच घरातली बाई गल्लीतल्या वीस जणींची भिशी चालवते. कुणाचा नंबर लागला, कुणाचा हप्ता थकला, सगळं तोंडपाठ. कापूस वेचणीची मजुरी किलोमागे किती झाली, तेही तीच जुळवते. विक्रीची पट्टी मात्र नवऱ्याच्या खिशात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सोन्याचा भाव बोलतात, तर ती हौस. तेच सोनं नवऱ्याने घेतलं की गुंतवणूक!

मी तरी कुठे शहाणी होते? शाळेत चक्रवाढ व्याज शिकवायचे आणि घरी ह्यांनी कागद पुढे केला की दाखवतील तिथे सही. ह्यांच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेत माझी ठेव गेली, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त म्हणून. संस्था अडचणीत आली तेव्हा कळलं, ठेवींचा विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नसतो. (आता तो एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंत आहे.) पैसे सात वर्षं तुकड्या-तुकड्याने आले. वर बोलणी मलाच: सही तुझीच होती ना!

दादा म्हणेल, बायका भित्र्या, शेअर बाजार त्यांचं काम नाही. त्याला सांग, अमेरिकेतल्या बार्बर आणि ओडियन या संशोधकांनी 35 हजारांवर घरांची शेअर-खाती तपासली आणि 2001 साली छापलं: पुरुष बायकांपेक्षा 45 टक्के जास्त उलाढाल करत होते, आणि त्या उलाढालीपायी त्यांचाच परतावा जास्त घटत होता. म्हणून बायका हुशार, असं मी म्हणत नाही. हात कमी वळवळले, इतकंच.

आता खात्याला तुझा मोबाइल आणि तुझा ईमेल जोड, पासवर्ड बदल. मग मागच्या वर्षभराचे व्यवहार शांतपणे वाच. विशेषतः फ्युचर-ऑप्शनचे, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे, सौदे आहेत का, ते बघ. त्यातला तोटा आणि कर दोन्ही तुझ्याच पॅनवर येतात. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे, तेही.

दादा फुगून बसेल. बसू दे, राखीपर्यंत उतरेल. दिवाळीला येशील तेव्हा ते व्यवहार छापून आण. मोबाइलवरची अक्षरं मला आता दिसत नाहीत.

तुझी,
बाई