कार्व्ह टॉप बॉडी: गाउज हातात घ्यायच्या आधी काय उरकायचं

मागे महोगनी, वर फ्लेम मेपल, गिब्सनच्या लेस पॉल घाटाची इलेक्ट्रिक गिटारची बॉडी हाताने कोरायची आहे, गाउजचा (गोलसर धारेच्या पटाशीचा) सेट आणलाय, तर पहिलं कुठलं गाउज वापरू असं तुम्ही विचारलंय. गाउजचं सांगतोच, पण ते काम बरंच नंतरचं आहे. कार्व्ह टॉपमधे, म्हणजे वरचा भाग कोरून फुगीर केलेल्या बॉडीत, खरी परीक्षा क्रमाची असते, कारण एकदा वरची सपाट बाजू गेली की राउटर (लाकडात चर, खाचा मारायचं यंत्र) टेकवायला, ड्रिल सरळ धरायला, माप घ्यायला काही म्हणता काही उरत नाही. म्हणून ज्या ज्या कामाला सपाटी लागते ते सगळं आधी.

त्यात सुद्धा पहिलं काम मेपल चिकटवायच्याही आधीचं. पिकअपपासून (तारांचं कंपन टिपणारा भाग) कंट्रोल कॅव्हिटीपर्यंत (आवाजाची बटणं बसतात तो खळगा) वायर जायची चर महोगनीत आत्ताच मारून घ्या, मग वर मेपल बसला की ती आपोआप झाकली जाते. नंतर हाच रस्ता लांब ड्रिल बिटने तिरका शोधत बसावा लागतो. मेपल साधारण १६ ते १८ मिमी ठेवा, लाकूड नीट वाळलेलं हवं, ६ ते ८ टक्के ओलावा, आणि मधली सेंटर लाइन पुढे-मागे दोन्हीकडे ठळक आखा, शेवटपर्यंत पुसू देऊ नका. सगळी मापं तिथूनच.

आता नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, अँगल. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा असं मी कळकळीने सांगेन. कोरलेल्या टॉपवर ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) उंचावर येतो, त्यामुळे नेक थोडा मागे झुकलेला लागतो, ट्यून-ओ-मॅटिक या उंच धातूच्या ब्रिजला साधारण ४ अंश. १९५२च्या पहिल्या लेस पॉलमधे हा अँगल इतका कमी होता की तारा ट्रॅपीझच्या (तेव्हाचा ब्रिज-टेलपीस) दांडीखालून न्याव्या लागायच्या, आणि मग उजव्या हाताचा तळवा ठेवून तारा म्यूट करणं अवघड. म्हणजे गिब्सनसारख्या कारखान्यातही हे गणित पहिल्या फटक्यात बसलं नव्हतं. तर कागदावर बाजूने दिसणारं चित्र फुल साइज काढा, ब्रिज प्रत्यक्ष हातात घेऊन त्याची उंची मोजा, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उंची धरा, आणि अँगल त्या चित्रावरून काढा, कुणाच्या आकड्यावरून नको. माझ्या ४ अंशावरूनही नको.

नेक पॉकेट, म्हणजे मान बसायची खाच, तिरक्या जिगवरून (राउटरला आधार देणारा साचा) राउट करायचं. ब्रिजची भोकं टॉप सपाट असतानाच ड्रिल प्रेसवर पाडायची: स्केल (तारेची मोजायची लांबी) ६२८ मिमी असेल तर बारीक ई तारेकडे त्याहून १-२ मिमी मागे, आणि जाड ई तारेची बाजू त्याहून साधारण ३ मिमी अजून मागे. बाइंडिंग (कडेची शोभेची पट्टी) लावणार असाल तर त्याची खाच पण आत्ताच, कडेला राउटर टेकायला सपाट जागा आहे तोवर. कंट्रोल कॅव्हिटी मागून काढताना मात्र एक गोष्ट विसरली जाते, वरचा टॉप कडेकडे उतरत जाणार आहे, तेव्हा कॅव्हिटीचा तळ पण त्याच उताराने तिरका घ्या, नाहीतर एका पॉटखाली (आवाजाच्या बटणाखाली) लाकूड जाड आणि दुसऱ्याखाली कागदासारखं.

आता कोरणं. राउटरने कडेपासून आत २-२ मिमीच्या पायऱ्या काढा, नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारख्या. कडेला मेपल ६-७ मिमी उरू द्या, आणि मधला पट्टा, नेक-पिकअप-ब्रिजचा, त्याला हातच लावायचा नाही. मग तुमच्या सेटमधलं रुंद आणि उथळ गाउज घ्या, २५ मिमीच्या आसपासचं, बाकीची बहुतेक लागणारच नाहीत. पायऱ्यांचे कोपरे आडव्या दिशेने छाटत जा, ढलपी पातळ निघाली पाहिजे. साध्या मेपलमधे उताराच्या दिशेने लाकडाच्या रेषा बघून चाललं की भागतं, पण फ्लेममधे रेषा लाटेसारखी वरखाली जाते, म्हणजे कुठल्याही दिशेने गेलात तरी कुठेतरी उलटी लागणारच आणि लाकूड खड्डा पडून उपटतं. तिथे जोर करू नका, धार लावा, परत धार लावा, आणि शेवटचे एक-दीड मिमी गाउजला न देता छोटा गोल तळाचा रंधा आणि स्क्रेपरसाठी (खरवडायची पोलादी पट्टी) ठेवा. कडेजवळची खोलगट वळणं, ज्याला रिकर्व्ह म्हणतात, त्यासाठी हंसाच्या मानेसारखा वळणदार स्क्रेपर मिळतो, तो घ्याच, या कामात त्याला पर्याय नाही असं माझं मत.

आकार बघायचा तो खोलीतले दिवे बंद करून, एकच दिवा टॉपच्या पातळीला बाजूला ठेवून. उजेड सरळ वरून पडला की सगळं छान दिसतं आणि पॉलिश चढल्यावर उंचवटे दिसायला लागतात. टॉप फिरवून फिरवून बघा.

पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी, ८०, १२०, १८०, २२० असा, आणि वाकणाऱ्या ब्लॉकवर गुंडाळूनच, बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे चर पडतात. एकदा पेपर मारला की परत गाउज लावू नका, लाकडात अडकलेले कण धार खातात. मास्क चांगल्या फिल्टरचा लावा, राउटर चालू असताना पण, लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे आणि मेपलची बारीक धूळ बराच वेळ हवेत राहते.

नेक पॉकेट कापायच्या आधी ते फुल साइज चित्र आणि ब्रिजची उंची मला दाखवा, अँगल मी पण एकदा काढून बघतो.