नीम कोटेड युरिया असताना वर पेंड कशाला?

प्रश्न: उसाला युरिया टाकला की आठ दिवस पानं हिरवीगार, मग परत पिवळी. शेजारचे काका म्हणतात निंबोळी पेंड मिसळ, पण गोणीवर तर नीम कोटेडच (म्हणजे कडुलिंबाच्या तेलाचा लेप दिलेला) लिहिलेलं असतं ना?

उत्तर: काकांचं काही चुकत नाहीये. युरियाचं आधी अमोनियम होतं, ते मातीच्या कणांना धरून राहतं, पण जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते पाटपाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं, पाणी साचलं तर वायू होऊन उडतं. कडुलिंबातले कडू घटक या जिवाणूंना जरा सुस्त करतात, बस एवढंच! करंजाच्या पेंडीतलं करंजिनही तेच करतं. 2015 पासून देशात शेतीचा जवळजवळ सगळा युरिया नीम कोटेडच येतो, पण तो तेलाचा लेप अगदी पातळ. म्हणून 5 किलो युरियाला 1 किलो पेंड, बारीक कुटून, रात्रभर एकत्र ठेवा. आणि हो, सरीत नुसता फेकून मोकळे होऊ नका, उघड्यावर अमोनिया उडतो, तो काही पेंडीने थांबत नाही, मातीआड करा आणि हप्ते पाडून द्या.