चहात गोळी मिसळू का, मॅडम?

मानसिक आजाराच्या गोळ्या नाकारणाऱ्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात, त्यांचा हा ठरलेला प्रश्न. पाठोपाठ वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा दुसरा: "माणसं बोलावून, इंजेक्शन देऊन उचलून नेलं तर?" हे विचारणारे लोक दुष्ट नसतात, रात्ररात्र जागून टेकीला आलेले असतात.

सागरच्या (नावं बदलली आहेत) घरात दोन्ही करून झालं होतं. मोबाइल दुरुस्त करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा, स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि खोटे संशय घडवणाऱ्या मानसिक आजाराचं निदान. आधी चौघांनी धरून गाडीत घातलं. नंतर एकदा त्याला आमटीत अर्धवट विरघळलेली गोळी सापडली. आपल्यावर विषप्रयोग होतोय हा त्याचा संशय होताच, घरच्यांनी पुरावाही पुरवला. तेव्हापासून तो घरचं जेवेना.

"तो कोणाचंच ऐकत नाही," दादा म्हणाला.

"ऐकण्याचं राहू द्या. अजून कोणाच्या हातचं खातो?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग आई म्हणाली, "इरफानकडे जेवतो. आयटीआयचा मित्र."

मग इरफानलाच बोलावलं. माझा कल पहिल्यापासून 'ओपन डायलॉग'कडे, म्हणजे आजारी माणूस, घरचे आणि मित्र यांना एकत्र बसवून मोकळं बोलण्याकडे आहे. ही पद्धत फिनलंडच्या पश्चिम लॅपलँडमध्ये 1980च्या दशकात उभी राहिली. तिथला एक नियम मी कटाक्षाने पाळते: माणसाविषयी जे बोलायचं ते त्याच्यासमोर. म्हणून सुरुवात आईने करायची असं ठरलं. "आमटीत मीच घातली होती रे. आता नाही घालणार." सागरने मान वर केली नाही, पण उठून गेलाही नाही. माझ्या लेखी तिथेच अर्धं काम झालं.

पुढच्या बैठकीत इरफान त्याला म्हणाला, "गोळ्या का सोडल्यास ते मला सांगितलंस, तेच यांना सांग."

"हात थरथरतात. सोल्डरिंग जमत नाही. गिऱ्हाईक बघत बसतं."

"मग आधी बोलायचं ना!" दादा उसळला.

"बोललो होतो. तू म्हणालास, नाटकं करतो."

सगळे त्याला 'आजाराची जाणीव नसलेला' समजत होते. खरं तर एक कारागीर आपल्या हातांविषयी तक्रार करत होता! ही तक्रार मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत नीट पोहोचताच त्यांनी औषध बदललं, थरथर कमी झाली. माझ्या कामातला हा क्षण मला फार आवडतो. 'ऐकत नाही' म्हणून आणलेल्या माणसाचंच कोणी ऐकलेलं नसतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता गोळ्या नाकारणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, "त्यांनी तुला त्रास काय होतो?"

मग कागद केला. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, नेमू शकतो. तो नातेवाईकच हवा असं नाही. सागरने इरफानचं नाव लिहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी. "जन्म मी दिला आणि कागदावर नाव त्याचं?"

"काकू," मी म्हणाले, "तुमच्या हातचं जेवण परत सुरू झालंय. कागद त्याच्याकडे राहू द्या."

पुढच्या पावसाळ्यात सागरची झोप उडाली, तेव्हा आजार उलटतोय हे इरफानने ओळखलं आणि सागर त्याच्या बाइकवर मागे बसून दवाखान्यात गेला. स्वतः सही करून दाखल झाला.

प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही. जिवाला धोका असेल, आत्महत्येची भाषा असेल, तर बैठकीची वाट बघू नका, तातडीने दवाखाना गाठा. माणूस तयारच नसेल आणि आजार गंभीर असेल, तर कायद्यात प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करण्याची सोय आहे. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि सुरुवातीची मुदत 30 दिवसांपर्यंतच असते. सुचेनासं झालं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

आणि मित्राला गृहीत धरू नका. त्याला झेपेल का, हेही विचारा. इरफानने अट घातली होती: रात्री अकरानंतर सागरचा फोन दादाने घ्यायचा. दादा घेतो.