सातव्या महिन्यातली मूळव्याध की फिशर? आणि लोहाच्या गोळ्यांचं काय?

शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं, नंतर तासभर आग होते आणि लालभडक रक्ताची रेघ दिसते असं तू लिहिलंयस. हे वर्णन मूळव्याधीपेक्षा फिशरचं, म्हणजे गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचं वाटतं. साध्या मूळव्याधीत रक्त थेंबथेंब पडतं, पण दुखत नाही सहसा. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवच. बाळंतपणाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण लाजेपायी हे दुखणं लपवणाऱ्या मुली पाहिल्या की अजूनही जीव तुटतो. डॉक्टरांना यात नवीन काहीच नसतं गं.

लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नकोस. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, त्याने शौचाला खडा होतो आणि रंग काळपट होतो, हे खरं. पण बाळंतपणात रक्त जातं तेव्हा अंगात रक्त असायलाच हवं. गोळी बदलून मिळते, ते विचार.

सगळी मदार शौच मऊ होण्यावर आहे. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी आतडी आधीच मंदावतात. रात्री इसबगोल भरपूर पाण्यातून घे, लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवून. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारं औषध देतात, ते गरोदरपणात चालतं. जेवणात भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, पेरू असू दे. शौचाची कळ आली की लगेच जा, कुंथत बसू नकोस. कमोड असेल तर पायाखाली पाट घे. नंतर टबात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलीस की आवळलेला स्नायू सैलावतो, दुखणं उतरतं.

सासूबाई म्हणतात ते एरंडेल मात्र नको, त्याने बाळंतपणाच्या कळा सुरू होऊ शकतात. मलमही दुकानदाराच्या सांगण्यावरून आणू नकोस. आणि ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ अशा पाट्या लावणाऱ्यांकडे तर अजिबात फिरकू नकोस.

निळसर, टणक, असह्य दुखणारी गाठ आली, ताप किंवा पू आला, रक्त खूप जाऊ लागलं, किंवा रक्त योनीतून येतंय अशी शंका जरी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तू सिझेरियनचं विचारलंयस. नुसत्या फिशरसाठी किंवा मूळव्याधीसाठी सहसा ते करत नाहीत. बाळंतपणानंतर पहिल्या शौचाची भीती वाटते, म्हणून इसबगोल तेव्हाही चालू ठेव.