अवयवदानाच्या नोंदणीला घरातून नकार येतो तेव्हा

ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे एक गाऱ्हाणं हमखास येतं. ३ ऑगस्टला अवयवदान दिन, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा. कॉलेजात, पतपेढीत, गावच्या चौकात कोणीतरी भाषण करून जातं. ऐकणाऱ्याला ते मनापासून पटतं, आणि घरी विषय काढला की सगळं बिनसतं. "मॅडम, मला नाव नोंदवायचंय, पण घरचे ऐकत नाहीत." जळगावात मी समुपदेशन करते. चोपड्यापासून चाळीसगावपर्यंतची माणसं येतात आणि आक्षेप साधारण तेच असतात. पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल. दाता आहे म्हटल्यावर डॉक्टर वाचवायचं मनावर घेणार नाहीत. देहाची चिरफाड करतील. आणि आपल्याकडचा खास: अपुऱ्या देहाने गेलेला माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी भरलेल्या घागरीवर येणार कसा?

"तुम्ही नोंदणी करून टाका, घरच्यांचं नंतर बघू," असं मी कधीच सांगत नाही. १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, २०११ मध्ये तो सुधारला गेला. तुम्ही नाव नोंदवलेलं असलं तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालय जवळच्या नातेवाइकांना विचारतंच, आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय तिथेच थांबतो. शेवटची सही घरच्यांची असते. म्हणून घरच्यांचा नकार हाच या कामातला मुख्य भाग आहे, असं मी मानते.

माझ्या कामाची बैठक अशी की माणसाच्या भावनेमागे एक विचार असतो, आणि तो विचार बदलला की भावनाही बदलते. पण तो आधी सापडावा लागतो. लोक जो आक्षेप तोंडाने बोलतात, तोच बहुधा खरा नसतो. हे मला सगळ्यात ठळकपणे दिसलं ते रावेर तालुक्यातल्या एका जोडप्यामुळे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना मी ताई आणि भाऊ म्हणेन.

भाऊ पन्नाशी ओलांडलेले, केळीचे शेतकरी. मोबाइलवर त्यांनी अवयवदानाचा संकल्प नोंदवला होता, आणि तेव्हापासून घरात धुसफूस चालू होती. मुलगा दोघांना घेऊन आला. ताई बोलायला खमक्या. "पुढच्या जन्मी यायले डोये नसतीन, मंग कोनाच्या आधाराने फिरतीन?" मी विचारलं, "ताई, चितेवर सगळाच देह जातो. पुढच्या जन्मी तो परत मिळतो असं आपण मानतो का?" त्या गप्प झाल्या, पण लगेच दुसरा मुद्दा आला. डॉक्टरांचा. त्याचं उत्तर दिलं तर घागरीचा. दधीची ऋषींनी देवांसाठी अस्थी दिल्या, त्यांना कोणी अपुरं म्हणत नाही, हेही बोलून झालं. प्रत्येक उत्तर त्यांना पटत होतं, आणि नकार जागच्या जागी होता.

असं झालं की मी उत्तरं देणं थांबवते आणि माणसाकडे बघते. ताईंच्या पदराच्या टोकाला एक किल्ली बांधलेली होती. छोटी, पितळी, साध्या कुलपाची. गाठीजवळचं कापड हाताळून हाताळून मळलं होतं. 'फॉर्म' हा शब्द निघाला की त्यांची बोटं त्या गाठीवर जायची. पुढच्या भेटीतही तेच दिसलं.

"ताई, ही किल्ली कशाची?"

"औषधाच्या खोलीची."

"कोणतं औषध?"

"फवारनीचं."

"पहिल्यापासून तुमच्याकडेच असते?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वादय झालं तवापासून."

भाऊंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. किल्ली हरवली असंच ते धरून चालले होते. नवीन कुलूप आणायचं म्हणत होते.

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी पाऊस झाला, निसवलेली केळी आडवी झाली, बँकेचा माणूस दारात येऊन गेला. आणि त्याच आठवड्यात भाऊ घरी येऊन म्हणाले, मी गेल्यावर माझं सगळं देऊन टाका, मी फॉर्म भरलाय. ताई रडत होत्या. "धडधाकट मानूस असं काहून बोलते? मले वाटलं, यायनं जायाचं ठरोलं."

एवढे दिवस त्या बाईचा विरोध अवयवदानाला नव्हताच. नवऱ्याने निरवानिरव सुरू केली आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. ते शब्दांत आणायची हिंमत नव्हती, म्हणून पुढचा जन्म, डॉक्टर, घागर असे मिळतील ते आक्षेप ती पुढे करत होती. ज्या मुलखात कर्जबाजारी शेतकऱ्याच्या बातम्या रोज कानावर येतात, तिथे तिने काढलेला अर्थ मला मुळीच खुळचट वाटला नाही. मला आजही समाधान वाटतं ते याचं, की मी सहावं-सातवं उत्तर द्यायच्या भरीला न पडता किल्लीबद्दल विचारलं.

भाऊंना मी सरळ विचारलं, मरणाचा विचार मनात आला होता का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो. भाऊ म्हणाले, वादळानंतर काही रात्री बांधावर बसून काढल्या, तेव्हा वाईट विचार आले होते. पण फॉर्मचा त्याच्याशी संबंध नव्हता. गावातल्या एका तरुणाला ते स्वतःच्या गाडीने डायलिसिसला आणत होते. पोराचं लग्न व्हायचं, म्हणून घरच्यांनी कुठे बोलू नका असं सांगितलेलं, आणि भाऊंनी ते बायकोपाशीही पाळलं. मशीनशेजारी तासन् तास बसून त्यांच्या मनात आलं, की आपल्यामागे आपली किडनी अशा कोणाला मिळाली तर काय हरकत आहे.

त्यानंतर आम्ही फॉर्म बाजूला ठेवला. भाऊंची झोप, कर्जाची बोलणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, हे आधी केलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये घालून दिला. किल्ली ताईंकडेच राहू द्यायची, हेही ठरलं.

पुढे ताईंनी आपणहून विषय काढला. प्रश्न तेच होते, पण आता त्यांना खरंच उत्तरं हवी होती. ती इथे देते, कारण तुमच्या घरीही हेच विचारतील.

डॉक्टर प्रयत्न सोडतील का? उपचार करणारे डॉक्टर आधी नोंदणी बघून मग उपचार ठरवत नाहीत. हृदय, यकृत, मूत्रपिंड असे अवयव मरणोत्तर सहसा तेव्हाच देता येतात, जेव्हा माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो आणि मेंदूचं मूळ कायमचं मृत झालेलं असतं. ते एकटा डॉक्टर ठरवत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. व्हेंटिलेटर थांबवून रुग्ण स्वतःचा श्वास घेतो का, हेही पाहतात. कोमातला माणूस वेगळा, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणूस येत नाही, त्याची छाती हलते ती यंत्रामुळे. हा फरक घरच्यांना वेळेआधी माहीत असावा. महामार्गावरच्या अपघातानंतर आयसीयूच्या दारात तो पहिल्यांदा ऐकला, तर तो कोणाच्याच गळी उतरत नाही.

देहाचं काय होतं? शस्त्रक्रियेत घालतात तसे टाके घालून देह घरच्यांच्या ताब्यात देतात, अंत्यविधी नेहमीसारखे होतात. देहदान वेगळं, त्यात संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. या दोन्हींत लोकांची फार गल्लत होते. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर पडत नाही, आणि अवयवाची खरेदी-विक्री केली तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. अवयव कोणाला मिळणार हे रक्तगट, प्रतीक्षायादी, निकड बघून ठरतं. वशिला म्हणून देता येत नाही.

नोंदणी 'नोटो' या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते. वय १८ पूर्ण हवं. संकल्प नंतर मागेही घेता येतो.

एक कळकळीची विनंती. हा विषय घरात काढताना 'मी गेल्यावर' इथून सुरुवात करू नका. तुम्हाला हे का वाटलं, कोणाला पाहून वाटलं, ते आधी सांगा. घरात आजारपण, नुकसान, भांडण चालू असेल तर थांबा. नकार आला तर लगेच वाद घालू नका. "तुला कशाची भीती वाटते?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत बोलू नका.

शेवटच्या भेटीत ताईंनी स्वतःबद्दल विचारलं. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर बी हाये. माझे डोये चालतीन का?" चालतात. चष्मा, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांनी नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज अशा आजारांत मात्र घेत नाहीत. नेत्रदानाला रुग्णालयही लागत नाही, घरी मृत्यू झाला तरी होतं. मुलाने तिथेच वहीत लिहून घेतलं: सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पथक येऊन साधारण अर्ध्या तासात काम उरकतं, चेहरा विद्रूप होत नाही. ताईंनी एकच अट घातली, की देह आपल्या गल्लीतूनच न्यायचा. मुलाने तीही लिहून घेतली आणि खाली तिघांनी सह्या केल्या. ही वहीतली सही म्हणजे अधिकृत नोंदणी नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. पण उद्या विचारलं गेलं तर त्या घरात उत्तर देणाऱ्याला विचार करत बसावं लागणार नाही.