महालक्ष्म्यांचं जेवण, २५० पानं आणि चार लाखांची एफडी

नागपूरच्या मनीष नगरमधल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. सासरच्या महालक्ष्म्या (भाद्रपदातल्या गौरी) तीन भावांत फिरत्या आहेत. गेल्या वर्षी भासऱ्यांची, म्हणजे थोरल्या दिरांची, पाळी होती. त्यांनी वर्धा रोडवर लॉन घेऊन २५० पानं उठवली. यंदा पाळी ताईंकडे आहे, पुढच्या वर्षी अमरावतीच्या धाकट्या दिरांकडे जाईल. ताईंनी काढलेला खर्च असा: केटरिंग ३८० रुपये पानाप्रमाणे ९५,०००, लॉनचं भाडं ३५,०००, सजावट २०,०००, नवे पितळी मुखवटे १२,०००, साड्या ६,०००, आणि येणाऱ्या प्रत्येकीला द्यायच्या स्टीलच्या वाट्या १२,०००. एकूण १,८०,०००. नवरा-बायको दोघांचे मिळून हातात महिन्याला ७८,००० येतात, त्यातून २४,००० घराच्या हप्त्याला जातात. बचत खात्यात ५५,००० आहेत. चार लाखांची दोन वर्षांची एफडी आहे, ७.२५ टक्क्यांची, पुढच्या जूनमध्ये संपणारी. ती मुलीच्या इंजिनीअरिंग प्रवेशासाठी ठेवली आहे. बँकेच्या ॲपवर १,८०,००० चं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तयार दिसतंय. त्यांनी विचारलंय: एफडी मोडू की लोन घेऊ? नवऱ्याच्या भावांनी माझ्या खात्यात पैसे टाकले तर टॅक्स लागेल का?

ताई, दोन्ही करू नका. एफडी मोडायची नाही आणि ॲपवरचं ते बटणही दाबायचं नाही.

आधी लोन. १,८०,००० रुपये १३ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण ८,५५७ रुपये बसतो. दोन वर्षांत व्याजापोटी २५,००० च्या वर जातात. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर आणखी सव्वाचार हजार. म्हणजे एका दिवसाच्या जेवणावर जवळजवळ तीस हजारांचा भार. शिवाय पुढच्या वर्षी तुम्ही दिरांकडे अमरावतीला जेवायला बसाल तेव्हाही यंदाच्या पंगतीचे हप्ते चालूच असतील. क्रेडिट कार्डाचं तर नावच काढू नका. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात.

आता एफडी. मुदतीआधी मोडली की बँक तुम्हाला ७.२५ टक्के देत नाही. पैसे जितके दिवस राहिले तितक्या मुदतीचा, एफडी केली त्या दिवशीचा दर धरते, आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. तुमच्या एफडीला १४ महिने झालेत. त्या मुदतीचा दर ६.८ धरला आणि दंड एक टक्का, तर हाती ५.८ टक्के लागतात. चार लाखांवर १४ महिन्यांत पावणेसात हजारांचं नुकसान, आणि राहिलेल्या दहा महिन्यांचा चांगला दर गेला तो वेगळाच. पूर्ण मुदत ठेवलीत तर जूनमध्ये हातात ४,६१,००० च्या वर येतील. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की फी भरायला कॉलेज मोजके दिवस देतं. तेव्हा हीच रक्कम लागणार आहे.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न खरं तर दुसरा आहे. पहिला प्रश्न पानं किती, हा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा १,८०,००० नव्हे, २५० आहे. तो आकडा तुमचा नाहीच, भासऱ्यांचा आहे. त्यांची ओळखपाळख, त्यांचा व्याप, त्यांची ऐपत, त्यावरून तो आला. पाळी तुमच्याकडे आली ती देवीची. पाहुण्यांची यादी तिच्याबरोबर यायलाच पाहिजे असं कुठल्याच कुळाचारात नाही.

आणि नागपूरकर म्हणून तुम्हाला हे सांगायची गरज नाही की ज्येष्ठेच्या दिवशी आपल्याकडे ज्याच्या-त्याच्याकडे चार आमंत्रणं असतात. महालमध्ये चुलत्यांकडे, प्रताप नगरला मामेबहिणीकडे, शिवाय ऑफिसातल्या कोणाकडे तरी दर्शनाला जायचंच असतं. माणूस एका घरी पोटभर जेवतो. बाकी तीन घरी “थोडंसंच वाढा न” म्हणत आंबील चाखतो, पोळीचा तुकडा मोडतो आणि निघतो. केटररला मात्र तुम्ही २५० ची गॅरंटी दिली असली, तर तो २५० चेच पैसे घेणार. ज्यांनी आपलं पान भरून घेतलंच नाही अशा साठ-सत्तर लोकांचे ३८० रुपये तुम्ही मोजणार.

म्हणून यादी दोन भागांत करा. भावकी, माहेरचे, सवाष्णी, अगदी जवळचे शेजारी हे जेवायला. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे हे १२० च्या वर जाणार नाहीत. शाळेतल्या सहकारी, यजमानांचे बुटीबोरीचे कंपनीतले लोक, तुमच्या फ्लॅट स्कीममधली बाकीची बिऱ्हाडं यांना संध्याकाळी दर्शन आणि हळदीकुंकवाला बोलवा. करंजी, वाटली डाळ, पेढा दिला तरी माणशी साठ रुपयांत होतं. त्यांनाही ते बरं पडेल, दुपारी ते दुसरीकडे जेवलेलेच असतील.

लॉन तर सोडूनच द्या. देवी तुमच्या हॉलमध्ये मखरात उभ्या आणि पंगत दोन किलोमीटरवर, हे मला मुळातच पटत नाही; पण तो माझा खासगी हेका समजा. हिशेबाचं कारण वेगळं आहे. लॉनच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, केटरिंगवर ५ टक्के. तुमच्या कोटेशनांत हे धरलेलं दिसत नाही. पक्की बिलं झाली तर आणखी ११,००० निघतील आणि तुमचे १,८०,००० परस्पर १,९१,००० होतील. तुमच्या फ्लॅट स्कीमचा खालचा हॉल दोन-तीन हजारांत मिळत असेल तर १२० माणसं तीन पंगतींत आरामात उठतात.

काही जण म्हणतील, केटरर कशाला, आचारी लावा, किराणा आपला आणा, निम्म्यात होईल. मी हा हिशेब करून पाहिला. आचारी आणि हाताखालच्या बाया यांचे १४,०००, इतवारीतून किराणा १५,०००, कॉटन मार्केटची भाजी आणि दूध-तूप ७,०००, भांडी आणि गॅस ५,०००. झाले ४१,०००, म्हणजे पानामागे साधारण ३४२ रुपये. केटररच्या ३८० पेक्षा चाळीसच रुपये कमी, जीएसटी धरला तरी सत्तावन्नच. त्यासाठी पहाटे चारला उठून पुरण शिजलं का बघायचं, ऐन वेळी पोळ्या लाटणारी बाई आली नाही तर धावाधाव करायची. १२० पानांसाठी हे परवडत नाही. नैवेद्याचा स्वयंपाक मात्र घरीच करा: सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे, फुलोरा. तो कुळाचार आहे, त्यात काटकसर सुचवायची माझी हिंमत नाही. जावांनी मिळून आदल्या दिवशी फुलोरा करायला बसावं, ते तसंही होतंच.

मुखवट्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ही एकच खरेदी अशी आहे की जिला मी नाही म्हणणार नाही, ती पुढच्या पिढीपर्यंत टिकेल. पण देवी फिरत्या असतील तर मुखवटे तिन्ही घरांचे आहेत. पुढच्या वर्षी ते अमरावतीला जाणार, तर १२,००० एकट्या तुम्ही का भरायचे? तुमचा वाटा ४,०००. स्टीलच्या वाट्या काढून टाका. प्रत्येकीच्या घरी अशा वाट्यांचा ढीग पडलेला आहे.

तर नवा हिशेब असा बसतो. १२० पानं जीएसटीसकट ४७,८८०. स्कीमचा हॉल ३,०००, सजावट ८,०००, मुखवट्यांचा वाटा ४,०००, साड्या ६,०००. हळदीकुंकवाला ऐंशी जणी धरल्या तर ४,८००. पूजेचं साहित्य, फुलं, घरचा नैवेद्य मिळून ८,०००, आणि वरखर्चाला ६,०००. सगळे मिळून ८७,६८०. तुम्ही धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

यात भासरे आणि दीर यांनी दहा-दहा हजार द्यावेत असं मी सुचवेन. तुम्हाला हे मागायला जड जाईल, पत्रावरून तेवढं कळतं. म्हणून तुम्ही बोलू नका, यजमानांनी भावांशी बोलावं, आणि “आमच्याकडे कमी पडतंय” असं न म्हणता “यापुढे दर वर्षी ज्यांची पाळी नाही त्या दोघांनी दहा-दहा द्यायचे” असं म्हणावं. पुढच्या वर्षी तुम्हीही द्याल. मग तो हातभार होत नाही, रीत होते. टॅक्सची काळजी करू नका: नवऱ्याचे भाऊ आयकराच्या नातेवाईकांच्या व्याख्येत बसतात, त्यांनी दिलेल्या पैशांवर कितीही असले तरी कर नाही. चुलतभाऊ त्या व्याख्येत नाहीत, पण अशा बाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० पर्यंत आलेल्या रकमेवर कर लागत नाही.

आता बचत खातं. त्यातले ३०,००० च काढा, सगळे नाही. २५,००० राहू द्या, म्हणजे उद्या काही झालं तरी घराचा एक हप्ता तिथे पडलेला असेल. खरं सांगायचं तर महालक्ष्म्यांच्या खर्चापेक्षा मला या ५५,००० ची जास्त काळजी वाटते. दोघं कमावते, मुलगी बारावीत, आणि गाठीला एका महिन्याचाही पगार नाही. पण त्यावर या पत्रात बोलत नाही, दिवाळीनंतर पुन्हा लिहा.

राहिले ३८,०००. त्यासाठी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. बहुतेक बँका एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात. तुम्हाला ८.२५ ने मिळालं, तर ३८,००० वर दोन महिन्यांचं व्याज होतं ५२२ रुपये. एफडी अखंड राहते, तिचे ७.२५ टक्के चालूच राहतात, आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज लागतं. यजमानांना दिवाळीला ४५,००० च्या आसपास बोनस मिळतो असं तुम्ही लिहिलंय, तो आला की लगेच भरून टाका. बोनस लांबला किंवा कमी आला, तर महिना ६,५०० प्रमाणे सहा महिन्यांत फिटतं, म्हणजे जूनच्या बरंच आधी. ही अट मात्र पाळा. फेडलं नाही तर बँक ती रक्कम एफडीतूनच वळती करते, आणि मग मोडली काय न् न मोडली काय.

तुमची पुढची पाळी तीन वर्षांनी. त्यासाठी या ऑक्टोबरपासून महिना २,५०० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) चालू करायची असं तुमच्या मनात येईल, पण ओव्हरड्राफ्ट फिटेपर्यंत थांबा. नंतर एकदा सुरू केली, की ६.५ टक्के दराने ३६ महिन्यांत साडेनव्याण्णव हजार होतात. एक गोष्ट बघून घ्या. देवींची तारीख दर वर्षी सरकते: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून त्या २१ सप्टेंबरला आल्या, २०२५ मध्ये ३१ ऑगस्टलाच. तीन वर्षांनी त्या कधी येतील ते आधी पंचांगात पाहा. आरडी आगमनाच्या महिनाभर आधी संपत नसेल, तर मुदत ३६ ऐवजी तेवढे महिने कमी करा. नाहीतर केटररला बयाणा द्यायच्या वेळी पैसे अडकलेले असतील.

या आठवड्यात दोन कामं उरका. केटररला १२० ची नाही, १०० ची गॅरंटी द्या आणि वरची वीस पानं लागली तर त्याच दराने करून देईल असं कागदावर घ्या. आणि ओव्हरड्राफ्टसाठी शाखेत जाल तेव्हा एफडी कोणाकोणाच्या नावावर आहे ते पाहा. दोघांच्या सह्या लागत असतील तर यजमानांना सुट्टीच्या शनिवारी सोबत न्या, पण दुसरा आणि चौथा सोडून. तिथेच मुदतीनंतरची सूचनाही तपासा. ‘आपोआप नूतनीकरण’ असं असेल तर ‘मुदत संपताच बचत खात्यात जमा’ असं बदलून घ्या.